शरणागताला परत देऊ नये

'शरण आलेल्याला मरण देऊ नये' हे वचन आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शरणागताला आपण स्वतः मारले नाही म्हणजे ते पाळले, असे आपण समजतो. परंतु ज्याच्या भयाने तो आला त्याच्याच हाती त्याला परत दिले, तरीही ते वचन मोडतेच. आंतरराष्ट्रीय कायद्याला हा दुसरा अर्थ मान्य होण्यास फार काळ लागला. तो काळ कसा गेला हे पाहताना आरंभी एका मराठी माणसाचीच हकीकत सांगितली पाहिजे.

मार्च १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना लंडन येथे अटक झाली. राजद्रोह, खुनास साहाय्य इत्यादी आरोपांखाली खटला चालविण्यासाठी त्यांना 'मोरिया' बोटीने हिंदुस्थानात आणीत होते. बोट मार्सेलिस बंदरात असता ८ जुलैच्या सकाळी त्यांनी शौचकूपाच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली व पोहत धक्का गाठला. भूमी फ्रान्सची होती. राजकीय आरोपीला तेथे आश्रय मागता येत असे. पण थोड्याच अंतरावर एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि बोटीवरून धावत आलेल्या मंडळींच्या साहाय्याने पुन्हा बोटीवर पोहोचविले. रीतसर चौकशी झाली नाही, न्यायाधीशापुढे नेणे झाले नाही. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

पुढे झां झोरेस यांच्यासारख्या फ्रेंच पुढाऱ्यांनी आवाज उठविला, फ्रान्सने सावरकरांना परत मागितले, आणि वाद हेग येथील लवाद न्यायालयापुढे गेला. पाच पंचांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला. अटकेत व हवाली करण्यात अनियमितपणा झाला, हे त्यांनी मान्य केले. तथापि तेवढ्यावरून कैदी परत देण्यास ब्रिटनला भाग पाडील असा कोणताही नियम नाही, असे ठरविले. तोवर मुंबईत दोन जन्मठेपेच्या शिक्षा होऊनही गेल्या होत्या. हवाली करण्याचे काम काही मिनिटांचे. दाद मागण्यास सात महिने लागले, आणि तीही मिळाली नाही.

या प्रकरणातून एक गोष्ट उघड होते. शरणागताचे रक्षण व्हावयाचे तर ते परत देण्यापूर्वीच झाले पाहिजे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे ३३ वे कलम नेमके हेच सांगते : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी ज्याचा जीव वा स्वातंत्र्य धोक्यात येईल, त्याला त्या सीमेकडे परत धाडू नये. देशाच्या सुरक्षिततेस धोका असणाऱ्यांपुरता त्यास अपवाद आहे. १९८४ च्या छळविरोधी कराराने मात्र, जेथे छळ होण्याची सबळ भीती आहे तेथे कोणासही पाठवू नये, असा निरपवाद नियम घातला.

नियम झाला, पण तो पाळला जातो काय? उइघुर लोकांकडे पाहा. काश्गर, यारकंद ही त्यांची नगरे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लडाखचे व्यापारी काराकोरम ओलांडून तेथे जात. आज तो प्रदेश चीनच्या अमलाखालील शिंजियांग होय. तेथील स्थानबद्धता मानवतेविरुद्ध गुन्हा ठरू शकेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ मध्ये म्हटले. चीनने ते नाकारले. तेथून पळालेल्या वीस जणांना कंबोडियाने डिसेंबर २००९ मध्ये चीनच्या हवाली केले, आणि कंबोडिया तर १९५१ च्या करारात सामील होता. २०१५ च्या उन्हाळ्यात थायलंडने सुमारे १७० जणांना, मुख्यतः स्त्रिया व मुलांना, तुर्कस्तानात जाऊ दिले. पण काही दिवसांतच १०९ जणांना चीनकडे धाडले. उरलेल्यांपैकी चाळीस जण दहा वर्षांहून अधिक काळ कोठडीत होते. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनाही धाडण्यात आले.

निरगुडसरसारख्या आपल्या गावी बसून याचा विचार कशास करावा, असे कोणी विचारील. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्यास मान्यता दिलेली नाही. चकमा निर्वासितांच्या प्रकरणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की जीविताचा हक्क परकीयांनाही आहे. रोहिंग्यांच्या प्रकरणी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने हद्दपारी थांबविली नाही. विहित रीत पाळल्याखेरीज ती होऊ नये, एवढेच म्हटले. म्हणजे आपल्याकडे शरणागताचा आधार आजही निश्चित कायद्यापेक्षा त्या त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून आहे.

येणाऱ्या प्रत्येकास कायमचे ठेवून घ्यावे, अशी मागणी कोणी करीत नाही. हवे ते इतकेच : त्याला काय भय आहे हे विचारणारा अधिकारी, त्या निर्णयावर दाद मागण्यास अवधी, आणि येथे ठेवणे शक्य नसेल तर तिसऱ्या देशाची वाट. १९१० साली त्या शिपायाने कैद्यास बोटीकडे नेण्याऐवजी जवळच्या न्यायाधीशाकडे नेले असते, तर हेगच्या पंचांना बसावेच लागले नसते.