जर्नलिंग फाइल सिस्टीम
जर्नलिंग फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर करावयाच्या बदलांची नोंद आधी 'जर्नल' नावाच्या राखीव जागेत करून मग ते बदल मूळ जागी लिहिणारी फाइल सिस्टीम होय. आधी कीर्द, मग खतावणी, असा हा क्रम आहे.

फाइलमध्ये मजकूर वाढवताना मजकुराचे ब्लॉक, आयनोड व मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा हे सर्व बदलतात. मध्येच वीज गेल्यास आयनोडनुसार वापरात असलेला ब्लॉक नकाशात मोकळा दिसू शकतो आणि पुढे तो दुसऱ्याच फाइलला दिला जातो. जर्नल नसेल तर अशा चुका शोधण्यासाठी संपूर्ण फाइल सिस्टीम तपासावी लागते. जर्नल असल्यास 'कमिट' नोंद झालेले व्यवहार पुन्हा लिहिले जातात. अपुरे व्यवहार सोडून दिले जातात.

लिनक्सच्या २.४.१५ या आवृत्तीत (२००१) आलेल्या ईएक्सटी३मध्ये मूळ पद्धत 'ऑर्डर्ड' होती. तीत मजकूर जर्नलमध्ये जात नाही, पण कमिटपूर्वी डिस्कवर पाठवला जातो. 'जर्नल' पद्धतीत मजकूरही दोनदा लिहिला जातो. 'राइटबॅक'मध्ये हा क्रम पाळला जात नाही, त्यामुळे फाइलमध्ये जुना, असंबद्ध मजकूर दिसू शकतो.

जर्नलमुळे रचना सुसंगत राहते. नुकताच लिहिलेला मजकूर टिकेलच असे नाही. त्यासाठी प्रोग्रॅमने 'एफसिंक' वापरावे लागते.