बजबजच्या गिरण्यांतील हुन्नर

कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्वतीरावर वसलेल्या बजबजच्या ताग-गिरण्यांत बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि आंध्र या मुलखांतून जे मजूर येत गेले, त्यांच्यासाठी यंत्रविद्येची शाळा नव्हती. यंत्रे स्कॉटलंडमधील डंडीची, वरिष्ठ देखरेखदारही बहुधा तेथलेच, परंतु प्रत्यक्ष हुन्नर हाती दिला तो मजूर भरती करून त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गाववाल्या सरदाराने आणि शेजारच्या यंत्रावरील नातलगाने. तागाचा तंतू स्वभावतः ताठर. तेल-पाण्याच्या मिश्रणाने मऊ केल्याविना तो पिंजता-कातता येत नाही, आणि ओल किती पुरे, सूत तुटण्यापूर्वी त्याचा ताण कसा बदलतो, हे ज्ञान बोटांना दीर्घ अभ्यासानेच येते. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीच्या तरुणालाही जॉबरच्या, म्हणजे तेथल्या सरदाराच्या, हाताखाली, बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) राबत, असेच शिकावे लागले. भरती आणि शिक्षण एकाच्याच मुठीत असल्याने दस्तुरीचा, म्हणजे कामासाठी त्याला द्याव्या लागणाऱ्या लाचेचा, जुलूमही दोन्हीकडे सारखाच.

परमुलखात शिकणाऱ्याच्या मानेवरचे मध्यस्थाचे हे जोखड पुढेही सुटले नाही. जपानने १९९३ साली परदेशी कामगारांसाठी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. तीत पुढे व्हिएतनामी सर्वाधिक झाले, आणि दलालाच्या कर्जाचे ओझे त्यांनाही चुकले नाही. म्हणूनच परमुलखात कमावलेल्या कसबाचा रीतसर दाखला कामगाराला सरकारदरबारी विनामूल्य मिळावा, अशी मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे.