हरवलाच कुठे होता?

अमेरिकन लोकगायक मायकेल हर्ली याचा पहिला अल्बम ‘फर्स्ट साँग्ज’ १९६४ साली आला आणि मोजक्याच कानांपर्यंत पोचला. आता तो ‘नव्याने सापडला’ म्हणतात. पण हरवला कुठे होता? तो काढणाऱ्या फोकवेज कंपनीचे मोझेस ॲश खप नाही म्हणून रेकॉर्ड यादीतून काढत नसत. १९८७मध्ये स्मिथसोनियन संस्थेने कंपनी घेतली तीही दोन हजारांहून अधिक अल्बम उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर. तेव्हा शोधणाऱ्यांआधी श्रेय सांभाळणाऱ्यांना द्यायला हवं.

कुणी म्हणेल, हे सगळं कौतुक हर्लीच्या विक्षिप्तपणाचं. बून आणि जॉको या लांडग्यांची कॉमिक्स काढणारा, अल्बमची मुखपृष्ठं स्वतःच चितारणारा गडी; वलय आहेच. (आपल्याकडेही गाण्याआधी गायकाच्या तऱ्हांचेच किस्से रंगतात.) पण रेकॉर्ड ऐकावी. संगीत-अभ्यासक फ्रेडरिक रॅमसे यांनी ब्लूज गायक लेडबेलीची अखेरची गाणी ज्या टेपयंत्रावर टिपली, त्याच यंत्रावर हीही टिपली. सोबतीला फारसं काहीच नाही, त्यामुळे सूर डगमगला तर लपायला जागा नाही. त्यातलं नरलांडग्याचं गाणं भीती घालत नाही, त्या बिचाऱ्याची कीव करायला लावतं. २००३मध्ये गायिका कॅट पॉवरने ते आपल्या आवाजात गायलं. तिथे ना हर्ली होता, ना त्याची कॉमिक्स. गाणं मात्र तसंच अंगावर येतं.