घरगुती संगणकाचे विद्युत संरक्षण : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्या काळी आपल्याकडील महाविद्यालयांत संगणक म्हणजे कुलूपबंद खोलीतील, चपला बाहेर काढून पाहावयाची वस्तू होती. आज प्राध्यापकाच्या घरातील टेबलावर संगणक असतो आणि त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, नॅकसाठी जमविलेली कागदपत्रे, पीएच.डी.चे अर्धवट प्रकरण असे सर्व काही असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर घरचा संगणक हा महाविद्यालयाचाच एक विस्तार झाला आहे. मात्र महाविद्यालयातील प्रयोगशाळेला जे विद्युत संरक्षण असते, त्याचा विचार घरी क्वचितच होतो. दोन-तीनशे रुपयांचा 'स्पाइक गार्ड' आणला की आपले कर्तव्य संपले, असा बहुतेकांचा समज असतो. प्रस्तुत लेखिकेचाही तोच समज होता.

एम.फिल.च्या लघुप्रबंधाचे काम सुरू असताना जून महिन्यातील एका संध्याकाळी आमगाव तालुक्यातील आमच्या गावी जवळच कुठेतरी वीज पडली. घरातील दिवे क्षणभर लखलखले व विझले. संगणक स्पाइक गार्डला जोडलेला होता आणि स्पाइक गार्डवरील लाल दिवा वीज परत आल्यावर नेहमीसारखा लागलाही. पण संगणक लागला नाही. एसएमपीएस, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कवरील सर्किट असे तीनही निकामी झाले होते. मार्गदर्शकांकडे तपासणीसाठी दिलेली छापील प्रत होती म्हणून दोन प्रकरणे पुन्हा टंकित करता आली. तिसरे प्रकरण आठवून लिहावे लागले. दुरुस्ती करणाऱ्याने स्पाइक गार्ड उघडून दाखविला तेव्हा त्यात एक फ्यूज, एक स्विच व पितळी पट्ट्या यांखेरीज काहीही नव्हते. शिवाय ज्या भिंतीवरील सॉकेटमध्ये तो खोचला होता, त्याच्या तिसऱ्या छिद्रामागे तारच जोडलेली नव्हती.

विद्युतदाबातील दोष : एक नव्हे, अनेक

आपल्या घरी येणारा विद्युतपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. नियमांनुसार लघुदाबाच्या ग्राहकासाठी त्यात सहा टक्के कमी-अधिक, म्हणजे साधारणतः २१६ ते २४४ व्होल्ट इतका फरक क्षम्य मानला जातो. प्रत्यक्षात काय होते हे आपण सर्वजण जाणतो. उन्हाळी धानाच्या हंगामात कृषिपंप सुरू झाले की सायंकाळी ट्यूबलाइट लागत नाही, आणि मध्यरात्री भार उतरला की त्याच वाहिनीवरील दाब वर चढतो. राइस मिलची मोटर सुरू होताना शेजारच्या वस्तीतील दिवे मंद होतात. तिरोड्याला प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच असलेला, एकूण ३३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प असताना असे का, हा प्रश्न वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर असे की, तेथील वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांतून थेट राज्याच्या जाळ्यात जाते. आपल्या घरच्या दाबाचा दर्जा मात्र गावाच्या डीपीवर, तिच्यापासूनच्या अंतरावर आणि खांबावरील तारांच्या अवस्थेवर ठरतो.

दाब कमी होणे, दाब दीर्घकाळ वाढणे, वीज खंडित होणे आणि दाबाची क्षणिक उसळी येणे हे चार वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची औषधेही वेगवेगळी आहेत. सर्ज प्रोटेक्टर हे केवळ चौथ्याचे औषध आहे. बाजारात मात्र ते चारही दोषांवरचा रामबाण उपाय म्हणून विकले जाते.

क्षणिक उसळी म्हणजे किती क्षणिक? सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील काही दहा किंवा फार तर काही शे भाग. तेवढ्या अवधीत दाब हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. वीज प्रत्यक्ष आपल्या तारेवर पडण्याची गरज नसते. जमिनीवर कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह साधारणतः ३०,००० अँपियरच्या घरात असतो. तो काही क्षणांत वाढतो व ओसरतो, आणि त्यामुळे बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे आसपासच्या लांब तारांत दाब प्रवर्तित होतो. शेतातून जाणाऱ्या उघड्या तारा जितक्या लांब, तितका हा धोका अधिक. आपल्याकडे एप्रिल ते जून या काळातील वळवाच्या सरी आणि रोवणीच्या आधीचे ढग यांसाठी कुप्रसिद्ध आहेतच.

सर्ज प्रोटेक्टरचे कार्य

खऱ्या सर्ज प्रोटेक्टरच्या पोटात मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, संक्षेपाने एमओव्ही, नावाची नाण्याएवढी चकती असते. ती मुख्यतः झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांपासून भाजून तयार केलेली असते. हे तंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील मात्सुशिता कंपनीत विकसित झाले. या चकतीचा गुण असा की नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ पूर्ण अवरोधक असते, परंतु दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की काही नॅनोसेकंदांत ती वाहक बनते आणि अतिरिक्त प्रवाहाला आडवाट करून देते. बोडी तुडुंब भरली की सांडव्यावरून पाणी जाते आणि पाळ वाचते, तसाच हा प्रकार आहे. २३० व्होल्ट हा प्रभावी दाब असून त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. त्यामुळे आपल्याकडील उपकरणांत सर्वसाधारणपणे २७५ व्होल्ट प्रभावी दाबासाठीची चकती वापरतात.

दुसरी गोष्ट अशी की, सांडवा आहे पण पुढे नाला नाही, तर पाणी कोठे जाणार? एमओव्ही फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये, तसेच या दोहोंपासून अर्थिंगपर्यंत जोडलेली असते. अर्थिंगच नसेल तर तीनपैकी दोन मार्ग बंद होतात. म्हणून लेखिकेचे स्पष्ट मत आहे की, तीन हजारांचा सर्ज प्रोटेक्टर घेण्यापूर्वी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. गावाकडील अनेक जुन्या घरांत वायरिंग करताना तिसरी तार टाकलेलीच नसते, अथवा ती नळाच्या पाइपाला गुंडाळलेली असते. तो पाइप आता प्लॅस्टिकचा झाला आहे हे कोणाच्या लक्षात नसते. जेथे खड्डा घेऊन कोळसा व मीठ घालून अर्थिंग केलेले आहे, तेथेही मे महिन्यात माती कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो. अशा वेळी खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा. तेवढे शक्य नसल्यास निदान मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थिंग यांमधील दाब तरी पाहून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या फार वर असेल तर काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे.

एमओव्ही झिजते. प्रत्येक उसळीगणिक तिची क्षमता थोडी कमी होते आणि एके दिवशी ती निकामी होते. पट्टीवरील सॉकेट मात्र चालूच राहतात. म्हणून संरक्षण शाबूत असल्याचे दाखविणारा स्वतंत्र दिवा असलेलेच उपकरण घ्यावे. केवळ स्विचमधील लाल दिवा हा वीज आहे इतकेच सांगतो. खोक्यावर जूलमध्ये ऊर्जाक्षमता व कमाल प्रवाह लिहिलेला नसेल, तर ती वस्तू एक्स्टेन्शन बोर्ड आहे असे खुशाल धरून चालावे. त्याचप्रमाणे मीटरजवळील एमसीबी ही अतिप्रवाहासाठी आहे. सूक्ष्म कालावधीच्या उसळीपुढे ती जागीसुद्धा होत नाही.

न्यूट्रल तुटणे

आपल्या भागातील संगणकांच्या दृष्टीने विजेइतकाच, किंबहुना विजेहून अधिक दुर्लक्षित शत्रू म्हणजे तुटलेला न्यूट्रल. तीन फेज व एक न्यूट्रल अशा वितरणात डीपीकडील न्यूट्रलची तार तुटली वा तिचा जोड सैल झाला, तर दोन फेजवरील घरे परस्परांशी एकसर जोडली जातात व त्यांच्यावर ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब विभागला जातो. ज्या बाजूला भार कमी, तिच्या वाट्याला दाब अधिक येतो. दिवे एकाएकी प्रखर होणे आणि पंखे सुसाट फिरणे ही त्याची खूण होय. हा दाब सूक्ष्म क्षणांसाठी नव्हे, तर मिनिटेच्या मिनिटे टिकतो. अशा वेळी एमओव्ही प्रवाह वाहून नेत राहते, तापते आणि जळते. स्वस्त पट्ट्यांत तिच्यासोबत औष्णिक फ्यूज नसतो, त्यामुळे आग लागण्याचीही शक्यता असते. या दोषावर उपाय म्हणजे दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे व्होल्टेज प्रोटेक्टर अथवा 'हाय कट-ऑफ' असलेला स्टॅबिलायझर. मीटरनंतर एकदा बसविला की फ्रिज, दूरचित्रवाणी व संगणक सर्वांनाच त्याचा लाभ होतो.

यूपीएसचे कार्य पुन्हा वेगळे आहे. वीज गेल्यावर संगणकाचा एसएमपीएस साधारण १५ ते २० मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात यूपीएसने भार उचलावयाचा असतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांवर संगणक चालवायचा असल्यास 'यूपीएस' स्थिती निवडलेली असावी, अन्यथा अदलाबदलीच्या क्षणी संगणक बंद पडतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस कमी-अधिक दाबही काही प्रमाणात सावरतो. लॅपटॉपधारकांना या बाबतीत बॅटरीमुळे थोडी उसंत मिळते, तथापि उसळी अडॅप्टरमार्गे आत येऊ शकतेच.

दुसरा दरवाजा

विजेची तार हा एक दरवाजा झाला. दूरध्वनीची तार, केबलची वायर आणि शेजारच्या घरावरून आलेली लॅन केबल हे दुसरे दरवाजे. लेखिकेच्या संगणकाबाबत उसळी नेमकी कोणत्या मार्गाने आली हे सांगता येत नाही, परंतु मॉडेमही जळाला होता. आता अनेक ठिकाणी ऑप्टिकल फायबर आले आहे. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, हा त्याचा मोठा लाभ. मात्र फायबरचे यंत्र स्वतः विजेच्या सॉकेटवर चालते व लॅन केबलने संगणकाशी जोडलेले असते, म्हणून तेही त्याच संरक्षित पट्टीवर घ्यावे.

अगदी जवळ पडणाऱ्या विजेपुढे घरगुती किमतीचे कोणतेही उपकरण खात्रीने टिकत नाही. तेथे प्लग काढणे हाच उपाय, आणि तोही ढग डोक्यावर येण्यापूर्वी. गडगडाट सुरू झाल्यावर प्लगला वा लॅन केबलला हात लावणे जिवाला धोक्याचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप आपल्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. ते शेतकऱ्यांसाठी जितके उपयुक्त आहे तितकेच आपल्यालाही. आमच्या घरी आता आभाळ भरून येऊ लागले की आई दोन्ही प्लग काढते आणि लेखाची प्रत असलेला पेन ड्राइव्ह संगणकातून काढून कपाटात ठेवते. तो संगणकालाच खोचून ठेवण्याची सवय माझी होती.