गहू सोडला, वजन उतरलं. पण कशामुळे?

कन्फाउंडिंग म्हणजे काय, हे मला मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर चांगले मार्कही मिळाले. समजलं मात्र हॉस्टेलच्या मेसमध्ये. म्हणून आजची पोस्ट पेपरपेक्षा ताटाबद्दल जास्त आहे.

मागच्या वर्षी माझं पोट सारखं फुगायचं. थकवा असायचा, हिमोग्लोबिन कमी आलं होतं आणि दिवसभर बसून वजन वाढलं होतं, ते वेगळंच. कुणीतरी म्हणालं, ‘ग्लुटेन सोड.’ सोडलं. तीन आठवड्यांत अडीच किलो वजन उतरलं, पोटही शांत झालं. मग काय, भेटेल त्याला सांगत सुटले.

आता तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. पहिला प्रश्न काय विचाराल? ‘बाई, तुम्ही नेमकं बदललं काय?’ गहू गेला म्हणजे फक्त ग्लुटेन गेलं नाही. वडापाव गेला, समोसा गेला, चहाबरोबरची खारी गेली, रात्री दोन वाजताच्या नूडल्स गेल्या. म्हणजे तेल, मीठ, साखर सगळंच कमी झालं. गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात, १०० ग्रॅमला साधारण ३२० ते ३५०. नुसतं पीठ बदलून वजन उतरायचं काही कारण नाही. शिवाय सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं: शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतं, खाणं कमी झालं की दोन्ही कमी होतात. वजनकाट्याला यातला फरक कळत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. सिलिअ‍ॅक नावाचा आजार असतो. त्यात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते, अन्न नीट शोषलं जात नाही, लोह कमी पडतं. गव्हाशी त्याचा संबंध विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा त्याच्याकडची आजारी मुलं बिघडली नाहीत, आणि ब्रेड परत आल्यावर त्यांचा त्रासही परत आला. त्याला संशय त्याआधीपासून होता. तरी तेवढ्यावर न थांबता त्याने मुलांच्या आहारातून गहू काढून आणि परत घालून पाहिला, आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. (हो, पीएचडीचाच!)

या आजाराची पहिली तपासणी रक्ताची असते, टीटीजी अँटिबॉडीची. गोम अशी की ती करताना तुम्ही ग्लुटेन खात असायला हवं. सोडलं की अँटिबॉडी उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मी तपासणीआधीच गहू सोडून बसले होते. डॉक्टरांनी सहा आठवडे दोन्ही वेळा पोळी खायला लावली, मग रक्त घेतलं. ते सहा आठवडे कसे गेले ते विचारू नका. तुम्हाला असा त्रास असेल तर आधी तपासणी, मग प्रयोग. आणि सिलिअ‍ॅक निघालाच, तर ग्लुटेन सोडल्यावर वजन वाढूही शकतं, कारण आता अन्न अंगी लागायला लागतं.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग पोट का शांत झालं होतं? इथे तीन पेपर एकामागून एक वाचा, मजा येईल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटाने २०११ साली ३४ जणांवर दाखवलं की सिलिअ‍ॅक नसतानाही ग्लुटेनने त्रास वाढतो. त्याच गटाने २०१३ मध्ये ३७ जणांना आधी फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबणारी कर्बोदकं, कमी असलेला आहार दिला. सगळ्यांना बरं वाटलं, आणि नंतर ग्लुटेन देऊनही वेगळा परिणाम दिसला नाही. स्वतःचाच निष्कर्ष असा तपासायला हिंमत लागते. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या गटाने ५९ जणांना आलटून पालटून तीन प्रकारचे म्यूसली बार दिले: ग्लुटेनचे, फ्रुक्टानचे आणि प्लासिबो. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टानने झाला, २२ जणांना प्लासिबोने, आणि ग्लुटेनने फक्त १३ जणांना. प्लासिबोचा आकडा परत वाचा.

फ्रुक्टान गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही. म्हणजे माझ्या कांदा-भाकरीत भाकरी निर्दोष आणि कांदा संशयित! कांदा बंद करून पाहिला, फरक पडला; पण एकटीवरचा प्रयोग, तोही ब्लाइंडिंगशिवाय, त्यामुळे यावर मी पेपर लिहिणार नाही.

ज्यांना खरंच ग्लुटेन टाळायचंय आणि फेलोशिप अजून जमा व्हायचीय, त्यांच्यासाठी. ‘ग्लुटेन फ्री’ बिस्किटांच्या वाटेला जाऊ नका. महाग असतात, आणि त्यात बहुधा तांदळाचं पीठ, स्टार्च, साखर आणि तूपतेलच असतं. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, राजगिरा, वरी आहेतच. वजन उतरवायचं असेल तर दोनऐवजी एक भाकरी, आणि वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी जास्त. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं. फुटाणे बॅगेत ठेवा. साबुदाण्याच्या खिचडीत ग्लुटेन नसतं, पण शेंगदाणे आणि तूप धरून तिच्या कॅलरी एकदा मोजा, उपवास मोडावासा वाटेल.

सिलिअ‍ॅक असेल तर आणखी बारकाईने बघावं लागतं. बांधणी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं, भाजणीत गहू असतो, सोया सॉसमध्येही असतो. गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारीही चालत नाही. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असा आपल्याकडे नियम आहे. गिरणीवाल्याला असा नियम नाही, तेव्हा ज्वारी घरीच मिक्सरवर दळा. भाकरी थोडी जाडसर होते, मोडते. गरम पाण्यात पीठ मळलं की बरी थापली जाते.