अवधाणाची गांठ

मुलाच्या टाचेंत कांटा रुततो, तो काढला जातो आणि घरांतील मंडळी तें विसरूनही जातात. चार दिवसांनीं जांघेंत दुखरी गांठ हातास लागते. ‘अवधाण आलें,’ असें आजी सांगते. १८९६ सालापासून मुंबईपुण्याकडे प्लेगानें जो कहर केला, त्याच्या गोष्टी ज्या घरांत ऐकिवांत आहेत, तेथें जांघेंतील गांठ म्हटली कीं आजही काळजांत धस्स होतें. जखम टाचेला, तर गांठ जांघेंत कां, याचा उलगडा म्हणूनच आम्ही येथें करूं इच्छितों.

आपल्या शरीरांत अशा लसीकाग्रंथि शेंकडों आहेत. लसीकापेशी या आपल्या रक्षक. परंतु त्यांतील प्रत्येक पेशी ठराविक शत्रूलाच ओळखते, आणि तो कोठून शिरेल याचा नेम नसतो. दोघांची गांठ पडावी कोठें? तर या ग्रंथींत!

लसीकापेशी रक्तांतून ग्रंथींत व तेथून पुन्हां रक्तांत सारख्या फिरत असतात, हें ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनीं उंदरांवर प्रयोग करून १९५९ सालीं दाखविलें. पण वाहत्या रक्तांत पेशीला आपलें ठिकाण कळतें कसें? ग्रंथींतील विशिष्ट सूक्ष्म शिरांच्या अस्तरावर ‘सीसीएल-२१’ नांवाचें द्रव्य असतें. पेशी त्या अस्तरावरून घरंगळत असतां तिच्या अंगावरील ‘सीसीआर-७’ या ग्राहीला तें लागतें. तत्क्षणीं ती घट्ट चिकटते व भिंतींतून आंत शिरते. अंधारांत रातराणीच्या वासावरून आपलें अंगण ओळखावें, तसाच हा प्रकार. अशा वाटाड्या द्रव्यांना केमोकाइन म्हणतात. जखमेपाशीं जंतूंचे अंश उचलणाऱ्या शाखायुक्त पेशीही याच द्रव्याच्या मागानें ग्रंथींत येतात. ज्या उंदरांत ही ग्राही नव्हती, त्यांच्या पेशी वाट चुकल्या व प्रतिकारास विलंब लागला, असें १९९९ सालीं आढळून आलें.

शत्रु न भेटल्यास पेशी ‘स्फिंगोसीन-१-फॉस्फेट’ या दुसऱ्या द्रव्याच्या ओढीनें बाहेर पडते. भेटल्यास मात्र ती कांहीं दिवस आंतच राहून आपली संख्या वाढविते. येणाऱ्यांची रीघ वाढलेली आणि जाणाऱ्यांची वाट अडलेली, मग गांठ सुजणारच! ही बाहेरची वाटच अडविणारें फिंगोलिमॉड हें औषध अमेरिकेंत २०१० सालीं मान्य झालें. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगांत स्वतःच्याच पेशी मज्जातंतूंच्या आवरणावर उलटतात. त्यांतील पुष्कळशा या औषधानें ग्रंथींतच रोखल्या जातात.

तेव्हां अवधाण हा शत्रु नव्हे, तें रक्षकांचें ठाणें आहे. तें चोळूं नये; मूळ जखम शोधून ती स्वच्छ करावी व धनुर्वाताच्या लशीविषयीं विचारावें. तथापि वडील माणसांचें भय अगदींच निराधार नव्हतें. प्लेगाचे जंतु याच ग्रंथींत शिरून तेथेंच वाढतात. कधीं कधीं ठाणेंच शत्रूच्या हातीं जातें. म्हणून मोठा ताप असेल, गांठ पिकूं लागेल, किंवा न दुखतां आठवडेच्या आठवडे कठीणच राहील, तर घरगुती लेपावर विसंबून न राहतां डॉक्टरांस दाखवावें, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.