म्युलर : गिरणीतून निघालेले आडनाव

पुण्या-मुंबईकडे जर्मन शिकायला जाणाऱ्या एखाद्या ताईदादाच्या तोंडून ‘मॅक्सम्युलर भवन’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यातील ‘म्युलर’ हे मूळ आडनाव. अर्थ अगदी साधा : गिरणीवाला. कापडाच्या गिरणीचा नव्हे, दळणाच्या!

जर्मनीत आज सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच. त्याखालोखाल श्मिट, म्हणजे लोहार. शेतकरी तर गिरणीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, मग मान यांना कसा मिळाला? मध्ययुगात ओढ्याच्या पाण्यावर चालणारी चक्की उभारणे फार खर्चाचे काम होते. ती बहुधा जमीनदाराची असे आणि अनेक ठिकाणी त्याच्या कुळांना तिथेच दळण न्यावे लागे. दळणावळ म्हणून गिरणीवाला धान्यातलाच वाटा काढून घेई. साहजिकच त्याच्या मापावर लोकांचा फारसा विश्वास नसे! गावात शेतकरी पुष्कळ, पण गिरणीवाला बहुधा एकच. ‘तो गिरणीवाला हान्स’ म्हटले की ओळख पटली. प्रत्येक गावात एकेकटा असलेला हा माणूस देशभरात मात्र मोठ्या संख्येने झाला.

बाराव्या शतकापासून आधी शहरांत आणि मग हळूहळू खेड्यांत आडनावे कायम होत गेली. पुढे मुलाने दुसरा धंदा धरला तरी तो म्युलरच राहिला. म्हणूनच आपल्याकडचे सगळे कुलकर्णी जसे एका घरातले नाहीत, तसेच सगळे म्युलरही नाहीत. पूर्वजांचा शोध घेताना नुसत्या आडनावाचा उपयोग होत नाही, गाव कळावे लागते. मग तिथल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या उपयोगी पडतात.

हे आडनाव जर्मनीबाहेर गेले ते मात्र रूप बदलून. त्यातला ‘उ’ ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावे तसा उच्चारतात. हा स्वर ना इंग्रजीत आहे, ना रशियनमध्ये, ना मराठीत. अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियात उतरलेले कितीतरी म्युलर ‘मिलर’ झाले. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत मिलर हे सातव्या क्रमांकाचे आडनाव होते, अर्थात त्यात मूळचे इंग्रज मिलरही आहेत. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले आणि तेच कायम झाले. शाळेच्या दाखल्यावरचे स्पेलिंग जन्मभर कसे चिकटते, हे पालकांना सांगायला नको. रशियातही तेच घडले. १७२५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेले इतिहासकार गेरहार्ड फ्रीडरिश म्युलर तिथे ‘मिलर’ म्हणूनच ओळखले जातात. पुढे राणी कॅथरीनच्या १७६३ च्या जाहीरनाम्यानंतर हजारो जर्मन कुटुंबे व्होल्गाकाठी वसली. त्यांच्या वंशजांना १९४१ मध्ये स्टालिनने सायबेरिया व कझाकस्तानात हलवले.

आता भवनाला ज्यांचे नाव आहे त्यांच्याकडे वळू. डेसाऊ गावात म्युलर आडनावाचे एक शिंपी होते. त्यांचा मुलगा विल्हेल्म कवी झाला आणि त्याने काव्य लिहिले ते गिरणीवाल्याच्या सुंदर मुलीवर! १८२३ मध्ये शूबर्ट या संगीतकाराने त्याला चाली दिल्या. त्याच वर्षी विल्हेल्मला मुलगा झाला, तोच फ्रीडरिश मॅक्स. म्युलर फार झाले म्हणून या मुलाने पुढे ‘मॅक्स’ हे नावही आडनावाला जोडून टाकले. १८४६ मध्ये तो इंग्लंडला गेला, ऑक्सफर्डला स्थायिक झाला आणि १८४९ ते १८७४ या काळात त्याने सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला.

संस्कृतात त्यांनी स्वतःचे नाव ‘मोक्षमूलर’ असे लिहिले. गिरणी गेली, मोक्ष आला! लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी सरकारकडे गेलेल्या अर्जावर याच म्युलरांची सही होती.